सबब, लेखकाकडे परत

लिहिणाऱ्याची कीर्ती होते आणि तपासणाऱ्याची बदली होते, हे आमच्या काकांचे आवडते वचन आहे. महसूल खात्यात तलाठी म्हणून शिरून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त होईपर्यंत ज्या गृहस्थाने कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा होताना पाहिला, आणि त्या अवधीतला निम्माअधिक काळ दुसऱ्याने लिहिलेल्या नोंदी तपासण्यात घालविला, त्याच्या तोंडी ते शोभूनही दिसते. मात्र हा न्याय तलाठ्याच्या दप्तराइतकाच संगणकाच्या प्रोग्रॅमलाही लागू पडतो, हे त्यांच्या ध्यानात येण्यास गेला पावसाळा उजाडावा लागला. आणि ते ध्यानात आल्यापासून घरात मला जी किंमत आली आहे, ती पुण्यातल्या कंपनीच्या पगारपत्रकाने इतक्या वर्षांत आणून दिली नव्हती.

आमचे घर निडीला आहे. नागोठणे आणि रोहा यांच्या मध्ये निडी नावाचे एक स्टेशन आहे. दिव्याहून रोह्याकडे जाणाऱ्या सावकाश गाड्यांना त्याची दखल घ्यावी लागते, कोकणकन्या-मांडवीसारख्या मानाच्या गाड्यांना ती घेण्याचे कारण पडत नाही. १९८६ साली रूळ रोह्यापर्यंत पोहोचले आणि पुढे तेथूनच कोकण रेल्वेची हद्द सुरू झाली, त्यामुळे कीर्ती झाली तीही रोह्याची. निडीच्या वाट्याला आला तो नुसता फलाट. घरून काम करण्याची मुभा मिळाल्यापासून पावसाळ्याचे चार महिने मी येथे काढतो. वीज जाते, ती आली की इंटरनेट जाते, आणि दोन्ही एकदम हजर असतील नेमक्या त्या घटकेला जेवायची हाक येते. अशा अनुकूल परिस्थितीत मी ज्या कामाला बसलो होतो ते असे.

पोस्टग्रेस नावाची एक डेटाबेस-प्रणाली आहे. १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी तिचा आरंभ केला, १९९६ साली तिने पोस्टग्रेएसक्यूएल हे जिभेची परीक्षा पाहणारे नाव धारण केले, आणि कोणाही एकाच्या मालकीची नसल्याकारणाने आज ती ज्याला हवी त्याची आहे. तिचे बोधचिन्ह हत्तीचे मस्तक. पेण शेजारीच असल्यामुळे या बाबतीत आमच्याकडे कोणी हरकत घेतली नाही. या प्रणालीच्या पोटात पीएल/पीजीएसक्यूएल या नावाची एक लहानशी भाषा नांदते. डेटाबेसात माहिती नुसती पडून न राहता तिच्यावरची कारवाईही तेथल्या तेथे व्हावी, अमुक रक्कम तमुकपेक्षा जास्त असेल तर हे करावे, नसेल तर ते करावे, आणि काहीच करता येत नसेल तर निदान मोठ्याने ओरडावे, एवढ्यासाठी ती निर्माण झाली. यान वीक यांनी ती लिहिली आणि १९९८ साली ६.४ या आवृत्तीतून ती लोकांपुढे आली. तिचे घराणे मोठे आहे. ती बेतली ऑरॅकलच्या पीएल/एसक्यूएलवरून, ती बेतलेली अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी घडविलेल्या ॲडा भाषेवरून, आणि ॲडा हे नाव कवी बायरनच्या कन्येचे. कवीच्या वंशात इतकी रुक्ष संतती निपजावी हा दैवदुर्विलास म्हणावा, की काव्याला मिळालेली योग्य शिक्षा म्हणावी, याचा निर्णय मी काव्यरसिकांवर सोपवितो.

या भाषेत सुधारणा सुचविण्याचा अधिकार ज्याला सी भाषा येते अशा पृथ्वीवरील कोणाही इसमास आहे. अशी सुधारणा ज्या कागदाने सुचवितात त्याला पॅच म्हणतात: मूळ कोडातल्या कोणत्या ओळी काढावयाच्या आणि त्यांच्या जागी कोणत्या घालावयाच्या याची ती यादी असते, आणि ती यादी मूळ कोडावर आपोआप चढविण्याचे साधन लॅरी वॉल यांनी १९८५ साली करून ठेवले आहे. सुचविणारे शेकडो असले तरी मूळ कोडावर अखेरची सही करण्याचा अखत्यार जगभरात सुमारे तीसच जणांना आहे. साहजिकच तुंबारा होतो. त्या तुंबाऱ्याचा निचरा करण्यासाठी २००८ च्या सुमारास या मंडळींनी ‘कमिटफेस्ट’ नावाची प्रथा पाडली. वर्षातून चार-पाच वेळा महिनाभर नवे लेखन बाजूला ठेवून साचलेल्या पॅचांची तपासणी करायची, आणि ज्याने पॅच पाठविला असेल त्याने बदल्यात तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा एक पॅच तपासून द्यायचा, असा तो रिवाज आहे. साहित्य संमेलनात हा नियम लागू केला तर मराठीतील कवितासंग्रहांची संख्या एका वर्षात आटोक्यात येईल असे मला प्रामाणिकपणे वाटते. मी मागे एक किरकोळ पॅच पाठविला होता. त्याच्या फेडीदाखल हा दुसऱ्याचा पॅच माझ्या वाट्याला आला.

पॅचचा मनसुबा मोठा सात्त्विक होता. फंक्शन, म्हणजे या भाषेतला कारवाईचा एक सुटा हुकूम, लिहिणारे लोक आरंभी व्हेरिएबलांची, म्हणजे किमती ठेवावयाच्या नावांची, लांबलचक यादी जाहीर करतात आणि त्यांतल्या कित्येकांचा पुढे कोठेही उपयोग करीत नाहीत, अशी लेखकाची तक्रार होती. या भाषेत जादा इशाऱ्यांची एक सोय २०१४ च्या ९.४ या आवृत्तीपासून आहेच. आतल्या खंडात बाहेरच्याच नावाचे व्हेरिएबल पुन्हा जाहीर करून बाहेरच्याला झाकून टाकले तर ती बजावते, आणि २०१९ च्या १२व्या आवृत्तीत तिला आणखी दोन डोळे फुटले. त्यांत या गृहस्थाला चौथ्या इशाऱ्याची भर घालायची होती: अमुक व्हेरिएबल जाहीर झाले आहे, परंतु वापरले गेलेले नाही.

पडद्यावर वाचून माझे डोळे शिणले म्हणून मी नागोठण्याला जाऊन तो पॅच छापून आणला, आणि छापील कागद घरात आला की तो प्रथम काकांनी वाचायचा हा आमच्या घरचा दंडक असल्यामुळे चष्मा, भिंग आणि तांबडी पेन्सिल अशी सामग्री घेऊन ते ओटीवर बसले. इंग्रजी त्यांना कामापुरती येते. सी भाषा मुळीच येत नाही. तरीही दहाएक मिनिटांत त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “अरे, हा तर फेरफार आहे.”

मी म्हटले, “म्हणजे तसाच काहीसा प्रकार, काका.”

“काहीसा नाही, तोच. हे वजा चिन्ह आहे ना ओळीपुढे, तो जुन्या नावाला केलेला कंस. हे अधिक चिन्ह म्हणजे नवे नाव दाखल. आणि हे काय, वर दोन-दोन ‘ॲट’ची चिन्हे काढून आकडे टाकलेत?”

“कोणत्या ओळीपासून किती ओळी बदलायच्या, त्याचा पत्ता.”

“गट नंबर,” काकांनी समासात नोंद केली. “आणि ज्या ओळींपुढे काहीच चिन्ह नाही, बदलही नाही, त्या कशाला छापल्यात फुकट?”

बदलाच्या वर तीन आणि खाली तीन अशा जुन्या ओळी ओळखीसाठी देण्याची पद्धत आहे, म्हणजे मधल्या काळात मूळ कोड खालीवर सरकले असले तरी नेमकी जागा सापडते, असे मी सांगितले. काकांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की, इतकी वर्षे शिकून हा मुलगा शेवटी योग्य जागी आला, असा तिचा अर्थ असावा. “चतुःसीमा,” ते म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या पानावर तांबड्या पेन्सिलीने तो शब्द लिहून त्याखाली रेघ ओढली.

येथे महसूल खात्याशी संबंध न आलेल्या सुदैवी वाचकांसाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बदल करावयाचा झाला की तलाठी थेट उताऱ्यावर शाईने लिहीत नसे. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, ती नोंद धरायची, मूळ उताऱ्यावर फार तर पेन्सिलीची खूण करायची, ज्यांचा ज्यांचा हितसंबंध असेल त्यांना नमुना ९ची नोटीस बजावायची, १५ दिवसांची मुदत द्यायची, कोणी हरकत घेतली तर ती तक्रारवहीत स्वतंत्र नोंदवायची, आणि हे सर्व सोपस्कार झाल्यावर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली तरच पेन्सिलीची शाई होत असे. जुने नाव खोडरबराने पुसत नसत. त्याला कंस करीत आणि नव्या नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक टाकीत, म्हणजे चाळीस वर्षांनी एखाद्या नातवाने विचारले की आमच्या आजोबांचे नाव कोणी काढले, तर त्या वर्तुळाचे बोट धरून थेट त्या दिवसापर्यंत जाता येई. नोंद, नोटीस, हरकत आणि प्रमाणन हा क्रम महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० ने घालून दिलेला आहे. आता ही वही संगणकात गेली आहे, पण क्रम तोच आहे. कोडाच्या जगातही प्रत्येक ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने घातली हे एका आज्ञेसरशी दिसते. ही सोय ज्या गिटमुळे झाली ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिले आणि पोस्टग्रेसने आपले दप्तर २०१० साली त्यात हलविले. काकांच्या मते यात नवे असे काहीच नव्हते, फक्त वर्तुळ काढायचे राहून गेले होते.

पहिलीच अडचण चतुःसीमेची निघाली. पॅच लिहिला त्यानंतर मूळ कोडातल्या शेजारच्या ओळी दुसऱ्या कोणीतरी बदलल्या होत्या, त्यामुळे पॅच चढेना. “जुन्या उताऱ्यावर अर्ज केलाय,” काकांनी निकाल दिला, “ताजा उतारा जोडून पुन्हा दाखल करायला सांग.” मी तसे कळविले, अर्थात काहीशा मृदू शब्दांत. दोन दिवसांनी दुसरी आवृत्ती आली. ती विनातक्रार चढली, तिच्यातल्या चाचण्याही उत्तीर्ण झाल्या, आणि आता खरा वाद सुरू होणार असे मला वाटत असताना काका एका भलत्याच ठिकाणी अडले.

चाचणीसाठी लिहिलेल्या एका फंक्शनमध्ये लेखकाने व्हेरिएबलाला ‘आयडी’ असे नाव दिले होते, आणि ज्या टेबलावर ते काम करीत होते त्याच्या पहिल्या कॉलमाचे नावही ‘आयडी’च होते. काकांनी विचारले, “हा आयडी कोणता, आणि तो कोणता?” आता हा प्रश्न या भाषेच्या इतिहासातील जवळजवळ मूलभूत प्रश्न आहे. २०१० पूर्वी अशा वेळी भाषा काही न बोलता व्हेरिएबलाच्या बाजूने निकाल देत असे. मग ‘आयडी बरोबर आयडी’ ही अट टेबलातल्या झाडून साऱ्या ओळींना लागू पडे, आणि एका खातेदाराचे नाव बदलायला गेलेला मनुष्य सबंध गावाची नावे बदलून परत येई. त्या वर्षीच्या ९.० या आवृत्तीपासून भाषेने हा पक्षपात सोडला. आता ती मध्येच थांबते आणि सांगते की हे नाव संदिग्ध आहे, याने फंक्शनातले व्हेरिएबलही अभिप्रेत असू शकेल आणि टेबलातला कॉलमही. काय ते तुम्ही ठरवा. ज्यांना हा बाणेदारपणा सोसत नाही त्यांच्यासाठी पूर्वीचा पक्षपात, किंवा त्याच्या नेमका उलटा पक्षपात, सेटिंग बदलून मागवून घेण्याची सोय ठेवली आहे.

“मग सरळ तर्फ लावा की,” काका म्हणाले.

मला क्षणभर उमगले नाही. तेव्हा त्यांनी आमच्याच गावाचा दाखला दिला. टपालखाते काहीही म्हणो आणि स्टेशनावरच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, सरकारी दप्तरात आमचे गाव नुसते निडी नाही. ते मौजे निडी तर्फे अष्टमी, तालुका रोहा आहे. एका नावाची दोन गावे कोकणात पावलोपावली सापडतात, आणि एका निडीचा सारा दुसऱ्या निडीच्या खाती जमा होऊ नये म्हणून पूर्वजांनी प्रत्येक गावामागे त्याच्या तर्फेचे नाव जोडून ठेवले. तर्फा ज्या राज्यकर्त्यांनी पाडल्या ते गेले, त्या तर्फांचे अंमलदार गेले, जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलले. तर्फ मात्र गावाच्या नावामागे पाय रोवून उभी आहे. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये नेमकी हीच सोय आहे. खंडाला नाव देऊन व्हेरिएबलापूर्वी ते नाव आणि एक टिंब लिहिता येते, आणि फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या पॅरामीटरांपुरते फंक्शनचे नावही तर्फ म्हणून चालते. कॉलमालाही त्याच्या टेबलाची तर्फ लावता येते. ही सोय सर्वांना ठाऊक आहे आणि जवळजवळ कोणीही ती वापरीत नाही. त्याऐवजी व्हेरिएबलापूर्वी ‘व्ही’ अक्षर आणि खाली रेघ जोडण्याचा आडमार्ग लोकांनी काढला आहे, ज्याला काका ‘निडी बुद्रुक’ पद्धत म्हणतात.

या पुराणात एक संध्याकाळ गेली. जुन्या काळी या भाषेतले सबंध फंक्शन एकेरी अवतरणचिन्हांत कोंबावे लागे, म्हणून आतले प्रत्येक अवतरणचिन्ह दुप्पट आणि त्याच्याही आतले चौपट लिहावे लागे, आणि अधिकृत दस्तऐवजात एक, दोन, चार, सहा आणि दहा अवतरणचिन्हे केव्हा वापरावीत याची उदाहरणांसह नियमावली आजही छापलेली आहे, हेही मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगितले. २००५ च्या ८.० या आवृत्तीने डॉलरच्या चिन्हांचे कुंपण देऊन हा जाच संपविला. दहा अवतरणचिन्हांचे ऐकून काका कितीतरी वेळ समाधानाने मान हलवीत होते. खालच्या कोर्टाचा हुकूम वरच्याने उद्धृत करावा, वरच्याचा हायकोर्टाने, आणि मूळ बोलणे कोणाचे हे अखेरीस वकिलालाही कळू नये, अशी कुळकायद्याची प्रकरणे त्यांनी हयातभर वाचलेली. त्यांना ही नियमावली फार माणसाळलेली वाटली.

तिसऱ्या दिवशी आम्ही पॅचच्या गाभ्याशी आलो. वापरलेले नाही हे लेखक ठरवितो कसे, एवढाच प्रश्न होता. वाचकाला वाटेल, यात काय आहे. फंक्शनचा मजकूर वाचावा, नाव सापडले तर वापरलेले, नाही सापडले तर पडीक. पण ही भाषा स्वभावाने सावध आहे, किंवा आळशी आहे. दोन्ही विशेषणे तिच्या चाहत्यांनी वापरलेली आहेत. फंक्शन दाखल करताना ती फक्त आपल्या स्वतःच्या बोलीतले शब्द, म्हणजे ‘जर’, ‘तर’, ‘फेरा’, ‘परत’ एवढेच मनावर घेते. आत एसक्यूएलची जी वाक्ये असतील त्यांचे व्याकरण वरवर पाहते आणि मजकूर जसाच्या तसा बाजूला ठेवून देते. त्या वाक्यातले कोणते नाव टेबलाचे, कोणते कॉलमाचे आणि कोणते आपल्या व्हेरिएबलाचे, याचा उलगडा ती त्या वाक्यापर्यंत अंमलबजावणी प्रथम पोहोचते तेव्हा करते. याला कारणही तसेच आहे: ज्या टेबलाबद्दल वाक्य बोलते ते टेबल कदाचित त्या घडीला अस्तित्वातच नसेल, याच फंक्शनच्या वरच्या ओळीने ते तात्पुरते निर्माण करावयाचे असेल. जन्मास न आलेल्या टेबलाचे कॉलम कोण मोजणार?

तेव्हा लेखकाने युक्ती अशी काढली होती की फंक्शन एकदा चालू द्यावे, चालताना ज्या ज्या वाक्यांचा उलगडा होईल त्यांत कोणकोणती व्हेरिएबले आली याची टिपणे ठेवावीत, आणि फंक्शन संपले की टिपणांत न आलेल्यांच्या नावाने इशारा काढावा. चाचण्यांत हे झकास चालले, कारण चाचण्यांतली फंक्शने सरळमार्गी होती. मी एक वाकडे फंक्शन लिहिले: त्यात एक ‘जर’ होता, त्याच्या आतली वाक्ये फक्त २९ फेब्रुवारीला चालायची, आणि एक व्हेरिएबल त्या वाक्यांतच वापरलेले होते. आषाढात ते चालविले. इशारा आला की हे व्हेरिएबल वापरलेले नाही.

काकांना मी हे समजावून सांगू लागलो. अर्धे सांगून झाले असेल नसेल, तोच ते ताडकन उठून बसले. “म्हणजे हा चावडीत बसून पीक पाहणी करतोय!”

या एका वाक्यात माझ्या तपासणीचे सारे सार आले होते आणि पुढच्या इंग्रजी अहवालाच्या दोन पानांत मी त्याहून अधिक काही सांगू शकलो नाही. गाव नमुना १२ मध्ये कोणत्या शेतात कोणते पीक उभे आहे हे लिहावयाचे असते, आणि त्यासाठी शेतावर जावे लागते. डांबरी सडक जेथपर्यंत जाते तेथपर्यंत पाहणी करायची, त्यापुढे चिखल लागला की उरलेले सारे गट ‘पडीक’ लिहून मोकळे व्हायचे, ही विद्या तलाठ्यांत पूर्वापार चालत आली असे म्हणतात. काका स्वतः तलाठी होते, म्हणून त्यांच्या म्हणण्याला मी पुराव्याचे महत्त्व देतो. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यानेच आपल्या बांधावर उभे राहून मोबाइलने पिकाचे छायाचित्र पाठवावयाचे झाले, तेव्हा ही विद्या लोप पावणार म्हणून काकांना हळहळ वाटली होती. तीच विद्या एका परदेशी इसमाने सी भाषेत पुनरुज्जीवित केलेली पाहून त्यांचा क्रोध आणि कौतुक यांत झगडा चालला होता.

“ज्या फांदीवर अंमलबजावणी गेलीच नाही, तिथलं पीक याला दिसणार कसं?” ते विचारू लागले. “आणि नोटीस कोणाकोणाला काढलीस?”

हा दुसरा प्रश्न मला अधिक बोचला. जादा इशाऱ्यांची सोय मुळात बंद असते, त्यामुळे नव्या इशाऱ्याचा त्रास कोणाला होणार नाही असे लेखकाने पॅचसोबत लिहिले होते. परंतु ज्यांनी हौसेने ‘सर्व इशारे चालू’ असे लिहून ठेवले असेल, अशा दक्ष आणि पापभीरू लोकांच्या दप्तरात नवी आवृत्ती बसविल्याच्या पहिल्याच रात्री शेकडो खोटे इशारे येऊन पडतील, आणि ते सर्व इशारे दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या, बिनबोभाट चालणाऱ्या फंक्शनांविषयी असतील. ही माणसे या चर्चेला हजर नव्हती, असण्याची शक्यताही नव्हती. नव्या गोष्टीचा वकील तिचा लेखक असतोच. जुन्या वहिवाटदाराच्या वतीने उभे राहायला तपासणाऱ्यावाचून कोणी नसते, आणि पॅच तपासणे हे कोडाचे काम कमी आणि गैरहजर खातेदारांची हजेरी घेण्याचे काम जास्त, असे माझे त्या दिवसापासून मत झाले आहे.

शिवाय हे काम करणारे एक स्वतंत्र खाते आधीपासून आहे. पावेल स्टेहुले यांनी, ज्यांची या भाषेतली मशागत फार जुनी आहे, ‘पीएलपीजीएसक्यूएल-चेक’ नावाची एक जोडणी लिहिली आहे. ती फंक्शन न चालविता त्याच्या प्रत्येक फांदीवर स्वतः चढून तेथल्या वाक्यांचा उलगडा करते आणि न वापरलेली व्हेरिएबलेही सांगते. तात्पुरत्या टेबलांपुढे तिलाही हात टेकावे लागतात, पण ती ते कबूल करते. हे ऐकल्यावर काकांनी भिंग खाली ठेवले. “मग हा विषय त्या खात्याच्या कक्षेतला आहे, तुमच्याकडे अर्ज आलाच कसा?” कक्षेचा मुद्दा निघाला की सरकारी मनुष्याच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता येते ती मी पुष्कळदा पाहिली आहे, पण ती निवृत्तीनंतरही इतकी ताजी राहते याची मला कल्पना नव्हती.

इशाऱ्याच्या शब्दरचनेवर आम्ही फार वेळ घालविला नाही, म्हणजे मी घालविला नाही. पोस्टग्रेसचे या बाबतीतले नियम कडक आहेत: मुख्य संदेश लहान अक्षराने सुरू व्हावा आणि त्याच्या शेवटी पूर्णविराम नसावा, खालचा तपशील आणि सल्ला मात्र पूर्ण वाक्यांत, पूर्णविरामासह असावा, जे आज जमले नाही पण उद्या जमू शकेल त्याला भूतकाळ, जे कधीच जमणार नाही त्याला वर्तमानकाळ. लेखकाने मुख्य संदेशाला पूर्णविराम दिला होता. तेवढी एक तांबडी फुली मारून मी पुढे गेलो. काका मात्र त्या भूतकाळ-वर्तमानकाळाच्या नियमापाशी थबकून राहिले, आणि ‘फाईल सापडली नाही’ व ‘फाईल सापडत नाही’ या दोन उत्तरांत अर्जदाराच्या आयुष्याची किती वर्षे जातात यावर त्यांनी जेवताना काकूंना सविस्तर प्रवचन दिले.

अखेर अहवाल लिहिला. काकांचा मसुदा होता, “सबब, स्थळपाहणीअभावी नोंद नामंजूर.” मी त्याचे सौम्य इंग्रजी केले: कल्पना उपयुक्त आहे, परंतु न चाललेल्या फांद्यांतील व्हेरिएबलांबाबत खोटे इशारे येतात, सोबत नमुन्याचे फंक्शन जोडले आहे, ‘सर्व’ या सेटिंगवर होणाऱ्या परिणामांचा विचार व्हावा, आणि पॅचच्या स्थितीच्या रकान्यात ‘लेखकाच्या प्रतीक्षेत’ असे लिहिले. त्या रकान्यात ‘तपासणी बाकी’, ‘सहीसाठी तयार’, ‘अभिप्रायासह परत’, ‘नामंजूर’ असे इतर शेरेही मिळतात. काकांनी ते सर्व वाचून घेतले आणि एवढेच म्हणाले की, ‘पुढील आदेशापर्यंत’ हा शेरा नसलेले खाते त्यांनी प्रथमच पाहिले.

लेखकाचे उत्तर चार दिवसांनी, वीज आणि इंटरनेट दोन्ही असताना आले. मनुष्य सज्जन निघाला. २९ फेब्रुवारीचे उदाहरण त्याला मनापासून आवडले होते, ते आपल्या चाचण्यांत घालण्याची त्याने परवानगी मागितली होती, पॅच या खेपेस मागे घेऊन नव्या रीतीने लिहितो असे कळविले होते, आणि अहवालात माझ्या एका निवृत्त वडीलधाऱ्यांचा उल्लेख आहे, तेव्हा पुढेमागे हे काम मंजूर झाले तर तपासणाऱ्यांच्या ओळीत त्यांचेही नाव घालावे काय, असे विचारले होते. मंजूर झालेल्या प्रत्येक बदलाखाली लेखक कोण, तपासणारे कोण, याची नोंद कायमची राहते. हा त्या जगातला फार मोठा मान आहे.

मी तो प्रश्न ओटीवर जाऊन काकांना वाचून दाखविला. त्यांनी बराच वेळ विचार केला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“नको,” ते म्हणाले. “निवृत्तीनंतर कुठे सही केली म्हणून उद्या पेन्शनवाले विचारतील.”